उंच गळ्याच्या स्वेटरची खरी हकीकत

नाशिकला थंडी पडली की आमच्या घरातल्या मंडळींना माझ्या गळ्याची आठवण होते. यंदा नातीने मोबाइलवरून एक काळा स्वेटर मागवला. त्याचा गळा हनुवटीपर्यंत चढतो आणि दुमडला की दोन पदरी होतो. ती त्याला टर्टलनेक म्हणते. आमच्या तरुणपणी देवळाली कॅम्पात त्याला नुसता ‘उंच गळा’ म्हणत. “आजोबा, घालून तर बघा, एकदम स्मार्ट दिसाल,” ती म्हणाली. मी विचारले, “आणि आत्ता कसा दिसतोय?” त्यावर ती हसली, कारण मी माझ्या रोजच्या हिवाळी वेषात उभा होतो. आत सुती गंजीफ्रॉक, त्यावर राखी फ्लॅनेलचा शर्ट, शर्टावर बिनबाह्यांचे लोकरी जाकीट, वर तपकिरी कोट, आणि कोटाच्या आत छातीवर फुली मारून बसवलेला मफलर. गंगापूर रोडला पहाटे फिरायला येणारे माझ्या निम्म्या वयाचे लोक खांदे कानाला लावून चालतात. मी मान ताठ ठेवून चालतो. स्वेटर मी परत पाठवायला लावला.

या नकाराची कारणे जो तो आपापल्या मगदुराप्रमाणे सांगतो. सूनबाईंच्या मते सासऱ्यांना ऐट फार. ऐट मला आहे, आणि ती मी सुईदोऱ्यावर कमावलेली आहे. माझा भाचा विलास लोकांना सांगतो की नानामामांना लहानपणी गंडमाळा झाल्या होत्या, त्यांना गळ्याशी काही लागलेले सोसत नाही. माझ्या गळ्यावर कसलाही व्रण नाही. ज्याला शंका असेल त्याने सकाळी दाढीच्या वेळी येऊन पाहावे. या दोन्ही गोष्टींकडे मी आजवर दुर्लक्ष केले. परंतु अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, सहस्रचंद्रदर्शनासाठी तिच्याच मुलाने, या विलासने, एक पुस्तिका छापली आणि तीत माझा धाकटा भाऊ मधुकर याने आमच्या वडिलांविषयी, म्हणजे दादांविषयी, जे लिहिले, त्याकडे मला दुर्लक्ष करता येईना. तो लिहितो की दादा इतके तापट होते की अक्काने नानासाठी रात्रंदिवस खपून विणलेला उंच गळ्याचा स्वेटर त्यांनी रागाच्या भरात कात्रीने कापला आणि बंबात घातला.

हे खोटे आहे. मधुकर तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि त्या दुपारी शाळेत पाढे म्हणत होता. स्वेटर बंबात गेलाच नाही. त्याचे तुकडे आईने एका उशीत भरले आणि त्याच उशीवर डोके ठेवून हे गृहस्थ पुढे मॅट्रिक झाले. कात्रीविषयी मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, आणि त्यासाठी आधी आमचे घर सांगावे लागेल.

आमचे मूळ गाव कळवणकडचे. दादा तरुणपणीच तिथून कॅम्पात आले आणि बाजारात त्यांनी शिवणाचे दुकान मांडले. पुढे दुकान आणि मागे घर. मध्ये एक पडदा, तोही दुकानात उरलेल्या निरनिराळ्या कापडांचे तुकडे जोडून आईने केलेला. दिवसभर त्या पडद्याच्या पुढून मशीनचा आवाज येई आणि मागून आईच्या भाकरी थापण्याचा. दोन्ही एका तालात चालले की घरात सारे ठीक आहे असे समजायचे. मधूनच लष्कराच्या रेंजवर तोफा धडाडत आणि दुकानाच्या काचेच्या कपाटातली बटणांची बरणी किणकिणे. बाहेरून आलेला पाहुणा दचके. आम्ही मात्र तोफा थांबल्या की दचकत असू. पहाटे अंगणातल्या बंबात आई ढलप्या घाली, त्याचा धूर आणि कोळशाच्या इस्त्रीचा वास एकमेकांत मिसळून आमचा हिवाळा तयार होई. न्याहारीला बाजरीची गरम भाकरी, तिच्यावर तूप, शेजारी खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, काळी चटणी आणि गुळाचा चहा. खुरासणी आठवणीने खा, आतून शेक मिळतो, असे आई म्हणे. आजचे लोक तो शेक दुकानात शोधतात.

दादा आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून ऊब देण्याचे शास्त्र जाणत. त्यांचे म्हणणे असे की जाड कपड्याने माणूस जाड दिसतो, गरम राहतोच असे नाही. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे चांगले, कारण दोन कपड्यांच्या मध्ये जी हवा अडकते तीच शेवटी अंग राखते. सायकलवर लांब जायचे असले तर ते शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवत आणि परत आल्यावर तीच घडी उलगडून वाचत. पण त्यांची खरी कीर्ती कॉलरची होती. कॉलर कडक राहावी म्हणून तिच्या आत बकरम सगळेच शिंपी घालतात. दादा त्याखेरीज, जी बाजू मानेला लागते तिच्या आतून फ्लॅनेलची एक अरुंद पट्टी बसवत. बाहेरून पाहणाऱ्याला कडक, धारदार कॉलर दिसे. घालणाऱ्याच्या मानेला मात्र मांजराच्या पिल्लासारखी ऊब लागे. ती पट्टी कुणाला दिसत नसे आणि दादाही तिच्याविषयी कुणाला सांगत नसत. गिऱ्हाईक आरशासमोर उभे राही, मान डावी-उजवीकडे वळवी आणि कारण न कळता खूश होई. “गळा झाकायचा, पण आवळायचा नाय,” ते म्हणत. “मान मोकळी असली की माणूस आपोआप सरळ उभा राहतो.”

या शास्त्राला पहिला हादरा दिला तो आमच्या अक्काने, आणि तोही प्रेमाने.

अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. शिंप्याची मुलगी असूनही तिला मशीन आवडत नसे. तिचा जीव सुयांत रमे. आमच्या शेजारी एका हवालदाराची गढवाली बायको राहत असे, आम्ही तिला भाभी म्हणत असू. तिने अक्काला लोकरीचे विणकाम शिकवले. दोघी दुपारी अंगणात उन्हाला पाठ देऊन बसत आणि “दो सीधे, दो उल्टे” असे पुटपुटत. दिवाळी झाली की अक्का घरातले जुने स्वेटर उसवायला काढी. माझा लहान झालेला निळा, आईचा विटलेला, मधूचा कोपरांवर झिजलेला. लोकर धुऊन, तिच्या लडीला खाली तांब्या बांधून ती दांडीवर टांगायची, म्हणजे वळ्या जाऊन सरळ होते. आमच्याकडे नवी लोकर क्वचितच येई. त्या वर्षी मात्र आली. अक्काचे लग्न ठरले होते, चांदवडच्या एका शेतकरी घरात, आणि जाण्याआधी मला एक नवा स्वेटर करून द्यायचा तिचा हट्ट होता. रंग बाटलीहिरवा. भाभीच्या नवऱ्याच्या स्वेटरवरून नमुना घेतला आणि गळा तिने स्वतःच्या डोक्याने वाढवला, थेट हनुवटीपर्यंत.

“इतका गळा कशाला गं?” मी विचारले होते.

“तुला दर थंडीत खोकला होतो, म्हणून. आणि कॅम्पातले नवे लेफ्टनंट सगळे असलेच घालतात. तू काय कमी दिसतोस त्यांच्यापेक्षा?”

अठरा वर्षांच्या तरुणाला हे सांगितले की तो फाशीचा दोरसुद्धा गळ्यात घालील.

मी तेव्हा दादांच्या हाताखाली माप घ्यायला शिकत होतो. माप घ्यायला बंगल्यावर जाताना आमच्या दुकानाचा एक नियम होता. अंगावरचा शर्ट दुकानाचा आणि कॉलर दिसली पाहिजे. “आपण चालती पाटी हाय दुकानाची,” दादा म्हणत. संक्रांतीच्या आसपासची ती सकाळ इतकी गार होती की नळाला हात लावला की चावल्यासारखे होई. एका मेजरसाहेबांच्या बंगल्यावर सहा शर्टांची ट्रायल होती. मी कपडे केले आणि त्यावर अक्काचा स्वेटर चढवला. दारात सायकल धरून उभ्या असलेल्या दादांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

“आज शर्टाला कॉलर लावायची राहिली का रे?”

“आत आहे,” मी म्हणालो.

“आत हाय म्हणजे देवाला दिसंल,” एवढेच बोलून त्यांनी सायकलवर टांग टाकली. मागे दारात अक्का उभी होती. तिने मला खुणेने सांगितले, जा, घालूनच जा. मी गेलो. रस्ताभर वारे समोरून येत होते आणि मला खरोखर थंडी लागली नाही. हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण उंच गळ्याला ऊब नसते असा माझा कधीच दावा नव्हता.

बंगल्याच्या व्हरांड्यात मेमसाहेबांनी मला पाहताच स्वेटरचे कौतुक केले. “मास्टरजी, यह किसने बुना? कितनी सफ़ाई है!” दादांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या. त्या काढून ते अभिमानाने म्हणाले, “मेरी लड़की ने।” त्यांचा तो अभिमान माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे, आणि मधुकराने तो पाहिला नाही म्हणूनच त्याला वाटेल ते लिहिता आले. मग साहेब आले. नवा शर्ट अंगावर चढवून ते आरशासमोर उभे राहिले, दादा खांद्याला टाचणी लावत होते, आणि साहेबांचे लक्ष माझ्याकडे गेले. “वाह! अब तो कॉलर की छुट्टी, मास्टर! ऊपर से यह चढ़ा लो, अंदर कुछ भी चलेगा।” ते हसले. दादाही हसले, टाचण्या ओठांत असताना जेवढे हसता येते तेवढे. साहेबांना गंमत सुचली. त्यांनी दोन बोटांनी माझ्या स्वेटरचा गळा खाली ओढला आणि आत डोकावून पाहिले. “अरे, इसमें तो सचमुच कॉलर है!”

कॉलर होती. पण लोकरीच्या दाबाने ती पुरती चुरगळली होती आणि तिचे एक टोक कुत्र्याच्या कानासारखे मुडपून वर आले होते. व्हरांड्यातले सगळे हसले. दादा माझ्याजवळ आले आणि अंगठ्याने ते टोक दाबून सरळ करू लागले. एकदा, दोनदा. ते सरळ होईना. सुई टोचू नये म्हणून त्यांनी अंगठ्यावर चढवलेले लोखंडी अंगुस्तान माझ्या मानेला गार लागत होते. साहेबांनी सहा शर्टांपैकी एकच पुरा करा, बाकीचे मग बघू, असे सांगितले.

परत येताना दादा सायकल हातात धरून चालत होते. वाटेत त्यांनी विचारले, “ऊब हाय का?” मी हो म्हणालो. “बरं,” ते म्हणाले, आणि बाजार दिसू लागल्यावर, “अक्काचा हात लय साफ हाय. एक टाका इकडचा तिकडं नाय.” मी हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे. जो माणूस अपमान गिळून येताना मुलीच्या टाक्यांची तारीफ करतो, तो घरी पोहोचून त्या टाक्यांवर कात्री चालवत नाही.

कात्री मी चालवली.

दुपारी दादा स्टेशनवर कापडाचे पार्सल सोडवायला गेले होते. मी दुकानात एकटा होतो. मला अक्काचा स्वेटरही हवा होता आणि दादांची कॉलरही दिसायला हवी होती. मला वाटले, उपाय अगदी सोपा आहे. पुढचा गळा खाली टोकदार कापायचा, काठ आत दुमडायचा आणि वरून एक शिलाई मारायची. स्वेटर राहील, कॉलर दिसेल, दोघेही खूश होतील. मी शिंप्याचा मुलगा. मी आयुष्यभर सुयांवर विणलेल्या नव्हे, मागावरच्या कापडात वाढलेलो. कापड कापले तर कापल्या जागी थांबते, एवढेच मला ठाऊक. दादांची मोठी कात्री दुसऱ्या कुणी उचलायची नाही, तिने कागदही कापायचा नाही, असा दंडक होता. मी ती उचलली, खडूने खूण केली आणि कापले.

पहिल्या क्षणी सारे ठीक दिसले. मग काठ दुमडण्यासाठी मी तो जरा ताणला आणि एक टाका सुटला. त्याने खालचा सोडला, त्याने त्याच्या खालचा. मला वाटले, शिलाई घातली की थांबेल, म्हणून मी घाईने तो मशीनखाली घेतला. मशीनच्या पायात लोकर अडकली, मी ओढली, आणि छातीवर हातभर शिडी उतरत गेली. बोटांनी एक टाका धरावा तर शेजारचे दोन पळत. अक्काने उन्हात बसून घातलेले ते दोन सुलटे, दोन उलटे माझ्या डोळ्यांदेखत जिवंत असल्यासारखे धावत होते. तुटलेल्या लोकरीचे वीत-वीत तुकडे झाले होते. उसवून पुन्हा विणायचीही सोय उरली नव्हती.

तेवढ्यात दादा आले. त्यांनी पार्सल खाली ठेवले, टेबलाशी येऊन स्वेटर उचलून पाहिला, मग माझे हात पाहिले. त्यांवर हिरवे तंतू चिकटलेले होते. ते रागावले नाहीत. टेबलावर उघडी पडलेली कात्री त्यांनी सवयीने उचलली, मिटवली, आणि नेमक्या त्या वेळी पडदा सारून अक्का दोन कप चहा घेऊन आली.

एका हातात स्वेटर, दुसऱ्या हातात कात्री. तिने जे पाहिले ते पाहिले.

“दादा, हे तुम्ही केलं?”

दादांनी माझ्याकडे पाहिले. मी मशीनच्या चाकाकडे पाहत राहिलो. त्या चाकावरचे सोनेरी नक्षीचे वेल मी आजही कागदावर काढून दाखवू शकेन.

“कात्री माझी हाय, बाई,” दादा म्हणाले.

अक्काने चहा टेबलावर ठेवला. एक थेंबही सांडला नाही. ती आत गेली आणि तिने सुया कपाटावर टाकल्या त्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी तिने त्या भाभीला देऊन टाकल्या.

मी संध्याकाळी दादांच्या मागे लागलो की मी तिला खरे सांगतो. कोळशाच्या इस्त्रीतली राख ते झाडत होते. ते म्हणाले, “काय उपेग? दोन महिन्यांनी ती सासरी चालली. बापाशी अबोला धरला तर चालतं, बाप काय कायमचा नाय. भावाशी धरला तर माहेर तुटतं पोरीचं. तिला यायला एक दार राहू दे.” मग माझ्याकडे न बघता, “तू फक्त ते दार उघडं ठेव,” एवढे बोलले.

माझी बाजू मांडायची तर मला वडिलांची आज्ञा होती. पण मी भांडखोर असलो तरी खोटारडा नाही, म्हणून हेही लिहितो की ती आज्ञा मिळाली तेव्हा मला हायसे वाटले. आज्ञाधारक मुलगा म्हणून मी इतर बाबतींत कधीच प्रसिद्ध नव्हतो.

अक्का दादांशी बोलेनाशी झाली. “जेवायला वाढलंय,” हे ती भिंतीला सांगे आणि दादा उठत. लग्नाच्या शालूवरचे ब्लाऊज तिने नाशिकला दुसऱ्या शिंप्याकडे शिवायला टाकले. कॅम्पातल्या बायका आपापसांत म्हणाल्या, मास्टरची मुलगी आणि ब्लाऊज परक्याचे! दादांनी तरीही एक डाळिंबी ब्लाऊज शिवले. माप त्यांनी घेतले नाही, नजरेनेच काढले. त्याच्या काखेत आणि बाजूंना त्यांनी आत दुमडून बरेच कापड राखले होते, म्हणजे पुढे अंग भरले तर उसवून मोठे करता यावे. ते ब्लाऊज त्यांनी आईच्या हाती अक्काच्या ट्रंकेत ठेवायला दिले. अक्काने ते लग्नात घातले नाही. पुढे पहिल्या बाळंतपणानंतर अबोला सुटला, ती दादांशी हसून बोलूही लागली, पण दादा गेले तोवर तिने त्यांच्या दुकानात शिवायला म्हणून कापडाचा एक तुकडाही आणला नाही. दार मात्र उघडे राहिले. दर भाऊबीजेला ती आली. दर भाऊबीजेला तिने मला ओवाळले, माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या, आणि मी त्या टाकू दिल्या.

दुकान पुढे मी चालवले. डोळे अधू झाले तेव्हा बंद केले, पण माझ्या स्वतःच्या शर्टांच्या कॉलरी अजून मीच करतो, आत फ्लॅनेलची पट्टी घालून. उंच गळ्याचा कपडा मी त्या दिवसानंतर अंगाला लावला नाही. नातीला हे ठाऊक नव्हते. आता ठाऊक होईल.

पुस्तिका हाती पडली तेव्हा समारंभाला आठवडा होता. मी मधूला फोन केला. तो म्हणाला, “नाना, अहो, गंमत आहे ती! लोक हसतील दोन घटका.” मी विचारले, “कोणावर?” बापाशी अबोला चालतो, हे दादा स्वतःविषयी म्हणाले होते. बापावर भरल्या मांडवात हसे व्हावे, याला त्यांनी संमती दिलेली नव्हती.

मी समारंभाच्या आदल्या दिवशीच चांदवडला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याची शेते ओली हिरवी दिसत होती. अक्का ओट्यावर उन्हाला पाठ देऊन बसली होती, अगदी त्या अंगणात बसे तशीच. मांडीवर मात्र वाटाण्याच्या शेंगांचे ताट होते. मला नाना सगळे म्हणतात. वसंता म्हणणारी आता ती एकटी उरली आहे.

“ये वसंता. आलास व्हय एवढा नटूनथटून? समारंभ उद्या हाय.”

मी बसलो आणि सांगितले. काही गाळले नाही. ती शेंगा सोलत राहिली. मी संपवल्यावर तिने विचारले, “दादांना ठावं होतं?”

“त्यांनी माझे हात पाहिले होते.”

तिने ताट बाजूला ठेवले. “मी त्यांनी शिवलेलं घातलं नाय रे लग्नात,” ती म्हणाली. “नणंदेला देऊन टाकलं. तिनं दोनदा उसवून मोठं केलं, लय वर्षं वापरलं. मला म्हणायची, वहिनी, कुणी शिवलं हो, केवढी जागा ठेवलीय आत! मी म्हणायचे, असंल कुणीतरी.” मग ताट पुन्हा जवळ ओढत, “मला बसलं असतं का नसतं, ते काय आता कळायचं नाय.”

मी दादांचे माहेराविषयीचे बोलणे तिला सांगितले होते, त्यामुळे मला वाटले की ती आता विरघळेल. माझी अक्का विरघळणारी नव्हे.

“दार उघडं ठेवलं म्हणं! त्यांनी ठेवलं. तू त्या दारात पाटावर बसून इतकी वर्षं ओवाळून घेतलंस. ऊठ. माझ्यासमोर बसू नको.”

मी उठलो. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. जेवताना तिने भिंतीला सांगितले, “वाढलंय.” मी जेवलो. बाजरीची भाकरी होती, आणि खुरासणीची चटणी.

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या मांडवात सकाळी पूजा झाली, दिव्यांनी तिला ओवाळले. गार वारे कनातीखालून शिरत होते आणि पाहुणे शाली आवळून बसले होते. विलासने माइक हातात घेऊन जाहीर केले की आता मधुमामा आजोबांच्या कात्रीचा किस्सा सांगतील. लोक आधीच हसू लागले. मधू उठला. पाटावर बसलेल्या अक्काने हात वर केला.

“मधू, खाली बस. तो तुझा किस्सा नाय. वसंता सांगंल.”

मधू बसला. मी उभा राहिलो. आयुष्यात मी कैक सभांत लोकांची विधाने खोडून काढली आहेत, पण त्या दिवशी मला गळ्याशी हात न्यावासा वाटला, मफलर अधिक घट्ट करावासा वाटला. अक्काने ते बरोबर पाहिले.

“मफलर काढ आधी,” ती म्हणाली. “दादांची कॉलर दिसू दे. मग बोल.”

मी मफलर सोडला आणि मधूच्या हाती दिला. मानेला वारे लागले. अक्का पाटावरून माझ्या गळ्याकडे पाहत होती. मी माइक घेतला आणि म्हणालो, “कात्री दादांची होती. हात माझा होता.”